आत्याची तळटीप

प्राध्यापकांनी आयुष्यभर एकाच विषयाचा ध्यास घेतला. परक्या मुलखावर राज्य करायला गेलेले साहेब दिवसा कायदे करत, ते रात्री काय करत? दिवसावर इतरांनी भरपूर लिहून ठेवलं होतं, त्यामुळे प्राध्यापकांच्या वाट्याला रात्र आली.

‘साम्राज्य आणि शय्या’ हे पहिलं पुस्तक घरात आलं, त्या दिवशी सासूबाईंनी त्याला खाकी कव्हर घातलं. दुसऱ्याच्या नावात आणखी स्पष्ट शब्द होता, म्हणून ते काचेच्या कपाटात भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखं. ज्या पुस्तकांवर दूरदूरच्या विद्यापीठांत परिसंवाद झडले, त्यांची घरातली ओळख ‘ह्यांची ती पुस्तकं’ एवढीच होती. कोणी विचारलंच तर बायको म्हणायची, “इतिहासावर लिहितात,” आणि लगबगीने चहा टाकायला उठायची.

प्राध्यापकांना याचं वाईट वाटत नसे. तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी तर याचा फायदाच झाला. नातेवाइकांपैकी कोणी आपलं पुस्तक उघडत नाही, तेव्हा घराण्याचं गुपित ठेवायला याहून सुरक्षित जागा नाही, असा त्यांनी हिशेब केला.

गुपित आत्याचं होतं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, टायपिंगच्या क्लासमधून निवृत्त झालेली आणि एकटी राहणारी. एका दुपारी मटार सोलता सोलता तिने सांगितलं, की तिची आजी, म्हणजे प्राध्यापकांची पणजी, लग्नाआधी जकातीच्या एका साहेबाच्या बंगल्यावर राहिली होती. घरात ‘कामाला होती’ असं सांगतात. पण ती कामाला नव्हती. तिला विचारून कोणी नेलं नव्हतं, आणि बंगल्यावर ती पुष्कळ रडली. साहेबाची बदली झाली तेव्हा परत आली.

“हे तुझ्यापाशीच ठेव हं, गुंड्या,” आत्या म्हणाली. डोक्यावरचे केस गेलेल्या आणि दोन मानद पदव्या आलेल्या माणसाला गुंड्या म्हणणारी ती जगातली शेवटची व्यक्ती होती.

“हो गं आत्या,” असं म्हणून गुंड्याने ओट्यावरचा रेकॉर्डर आणखी जवळ सरकवला.

पुस्तकात त्यांनी पणजीचं नाव बदललं, गाव बदललं, जकातीच्या साहेबाला जंगल खात्यात पाठवलं. बंदोबस्त चोख होता. पण पुराव्याशिवाय एखादं वाक्य गेलं तर प्राध्यापकांना जेवण गोड लागत नसे. पान संपलं तसा हात सवयीने खाली उतरला आणि तळटीप लिहून मोकळा झाला: ‘लेखकाच्या आत्याशी संभाषण, तिच्या स्वयंपाकघरात.’ प्रुफं तपासताना तळटीप निर्दोष आहे, एवढंच त्यांनी पाहिलं.

पुस्तक गाजलं. दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या कळवा, म्हणून प्रकाशकाचा फोन आला आणि पाठोपाठ आत्याचा. ती एवढंच म्हणाली, “येऊन जा.”

आत्याच्या बाहेरच्या खोलीत शिरताच प्राध्यापकांना घाम फुटला. टीव्हीशेजारी त्यांची तिन्ही पुस्तकं होती, बिनकव्हरची, तोंड खोलीकडे. पानापानांत बसची तिकिटं खोचलेली.

“तू वाचलीस?”

“मग काय, दाराला टेकण म्हणून लावू? पहिलं बरं होतं. दुसऱ्यात फार दमवलंस. एवढं नाव दिलंस नि अर्ध्या पुस्तकात कोणी कोणाचा हातसुद्धा धरत नाही.”

“आत्या, ती तळटीप... चुकून राहिली गं. या आवृत्तीत काढून टाकतो.”

“वचन मोडलंस ते मोडलंस. आता नावं ठेवायला तरी कोण उरलंय?” आत्याने भिंग घेऊन एक पान उघडलं. “मला हे सांग, ही बाई कोण? ‘मूक बळी’?”

“पणजी.”

“माझी आजी मूक? अरे, ती झोपेतसुद्धा बोलायची!”

प्राध्यापकांनी समजावून सांगितलं. सत्ता अशी असते, की जिला नाही म्हणता येत नाही तिच्या हो म्हणण्यालाही अर्थ उरत नाही, वगैरे. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

“ते खरंच आहे. पण रडण्याचं सांगून झाल्यावर मी तुला काय सांगितलं?”

प्राध्यापक आठवू लागले. त्या दुपारी आत्या हसायला लागली होती. इतकी, की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या होत्या. पणजीने साहेबाची काहीतरी फजिती केली होती. ते प्रकरणात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी रेकॉर्डर बंद केला होता. तेवढीच बॅटरी वाचली. सभ्यपणा म्हणून ते थोडंसं हसलेही होते.

“त्यात... बूट होते ना काहीतरी?”

“बूट?”

“मग मांजर?”

आत्याने चष्मा काढून ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“रडण्याचं मला आईने सांगितलं, गुंड्या. आजी स्वतः त्या बंगल्याविषयी एकच गोष्ट सांगायची, अगदी शेवटपर्यंत. तेवढी तिची होती. ती मी तुला दिली.”

प्राध्यापकांना आपली प्रस्तावना तोंडपाठ होती. ‘या स्त्रियांचा स्वतःचा एकही शब्द उरलेला नाही.’ या वाक्यावर व्याख्यानांत हमखास शांतता पसरायची. आत्ताही पसरली.

“पुन्हा सांग ना. सगळं प्रकरण बदलतो. आईशप्पथ.”

“नको.”

“रागावलीस?”

“नाही रे. पण आता तू छापायला ऐकशील. चहा घेतोस?”

चहात साखर त्यांना लागते तेवढीच होती.

घरी येऊन त्यांनी रेकॉर्डर लावला. भांड्यात मटार पडत होते. आत्याचा आवाज, रडण्याची हकीकत, थोडी शांतता. मग हसण्याची पहिली उबळ आणि, “अरे, आणि एकदा काय झालं, तो साहेब—” खट्. प्राध्यापकांनी ते पुन्हा लावलं. पुन्हा खट्.

“काय ऐकताय एवढं?” बायकोने विचारलं.

“माझं बोट,” प्राध्यापक म्हणाले.

दुरुस्त्या गेल्या तसा प्रकाशक हवालदिल झाला. “‘मूक’ शब्द काढलात, प्रस्तावनेतलं ते गाजलेलं वाक्य काढलंत, आणि तळटीप वाढवलीत? ‘पणजीने स्वतः सांगितलेली एक गोष्ट आत्याने येथे सांगितली. लेखकाने रेकॉर्डर बंद केला.’ अहो सर, वाचक विचारतील ना, गोष्ट काय होती!”

“विचारू देत.”

“आम्ही काय सांगायचं?”

“मला माहीत नाही, असं सांगा.”

नव्या आवृत्तीची पहिली प्रत ते आत्याकडे घेऊन गेले. तिने बरोबर तेच पान काढलं, भिंग खाली नेलं आणि तळटीप सावकाश वाचली.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

मग तिला काहीतरी आठवलं असावं. खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, आणि पदर तोंडाला लावून ती एकटीच हसत सुटली. सवयीने प्राध्यापकही थोडंसं हसले, सभ्यपणापुरतं. ते लक्षात येताच थांबले, आणि रिकामे हात मांडीवर ठेवून आत्याचं हसणं संपेपर्यंत बसून राहिले.