टोपल्यांवरच्या काळ्या चिंध्या

माझे वडील आन्सेल्म गव्हाच्या कापणीत गेले, भरल्या गाडीवरून पडून. शवपेटी बंद व्हायच्या आधी आई घराची किल्ली घेऊन परसात आली. मधमाश्यांच्या प्रत्येक गवती टोपलीवर तिने किल्ली वाजवली. "बायांनो, तुमचा धनी गेला. आता मी आहे. सोडून जाऊ नका." मग टोपल्यांना काळ्या चिंध्या बांधल्या. आमच्या बेरी प्रांतात धनी गेल्याचं माश्यांना सांगितलं नाही तर त्या घर टाकतात.

त्याच महिन्यात खानावळीत उतरलेल्या एका पॅरिसच्या चित्रकाराने आमच्या परसाचं चित्र काढलं. चित्र झाल्यावर आईला बोलावलं. चित्रात तीही होती, पण स्वतःकडे तिने पाहिलंच नाही.

"टोपल्यांवरच्या चिंध्या कुठायत, मस्यू वर्दिए?"

"नजर सगळी तिकडेच जात होती, मादाम. मला दुपार हवी होती, सुतक नको."

"मलाही नको होतं. मला कुणी विचारलं?"

तो हसला. आई मात्र मरेपर्यंत म्हणायची, "त्या चित्रातल्या बिचाऱ्या माश्यांना कुणीतरी सांगायला हवं गं."

आई गेली तेव्हा मी किल्ली वाजवली. माश्या राहिल्या, पण पुढे एका कडक हिवाळ्यात टोपल्यांतच मेल्या. नंतर मी आणि किल्ली.

ते चित्र बूर्ज शहरातल्या संग्रहालयात लागलंय असं कळलं, तशी गेल्या शरदात पाववाल्याच्या गाडीतून गेले. आईचं राहिलेलं काम तेवढं उरकायचं होतं. चित्रासमोर उभी राहून किल्ली काढली.

"ओ आजी, कुलूप शोधताय का? हात लावायचा नाही!" पहारेकरी ओरडला.

"हात नाही लावत रे. ह्या माश्यांना निरोप द्यायचाय."

"मग हळू द्या. वर साहेब झोपलेत."

मी तोंड उघडलं, आणि आई दिसली. दारात उभी, कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघणारी. अंगावर काळं नव्हतं. चित्रकाराने तिला तिचा निळा एप्रन दिला होता, बाबा गेल्यावर तिने कधीच न घातलेला. जेवणवेळेला ते शेतावरून यायचे, तेव्हा ती अशीच उभी राहायची.

किल्ली खिशात टाकली.

"सांगितलंत?"

"नाही. धनी शेतावर गेलाय. येईल इतक्यात."

संध्याकाळी घरी येऊन त्याच किल्लीने दार उघडलं. चूल पेटवून सूप ठेवलं. मला अजून एकटीपुरतं करता येत नाही.