अमीरभाईंचा सात किलोंचा डबा

मी अमीरभाईंचा स्पीकर बोलतोय. होय, तोच, ज्याला सगळे डबा म्हणतात. म्हणू देत. वजन सात किलो, पोटात बॅटरी, डोक्यावर कडी आणि स्वभाव जरा तापट.

अमीरभाई विट्याचे. बँड मोडल्यावर ते एकटेच क्लॅरोनेट वाजवू लागले. बारसं, डोहाळजेवण, लग्नाचं कार्यालय, जिथून बोलावणं येईल तिथं. माझ्याआधी त्यांच्याकडे एक थोरला होता, बत्तीस किलोंचा. तो घेताना त्यांनी आपल्याकडे सगळेच करतात ती चूक केली. दुकानात मोबाइलवरचं गाणं लावलं, छाती हादरली, की घेतला! क्लॅरोनेटला कुणाची छाती हादरवायची नसते, हे घरी आल्यावर कळलं. बारशाच्या खोलीत तो लावला की पाळण्यातलं बाळ दचकून रडायचं.

वर त्या थोरल्यानं भाईंची कंबर धरली. डॉक्टरांनी दम दिला, "वजन उचललंत तर ऑपरेशन." भाई क्लॅरोनेट पेटीत ठेवून आठ दिवस घरी बसले. शेवटी त्यांची बायको दिलशादभाभी म्हणाल्या, "आवं, डाक्टर उचलू नका म्हनलाय. वाजवू नका न्हाई म्हनला."

मग दोघं दुकानात आली, क्लॅरोनेट आणि माइक घेऊन. भाभी रस्त्यापलीकडं रसवंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. भाई एकेका स्पीकरवर वाजवायचे आणि त्या तिकडून नकारार्थी मान हलवायच्या. माझ्या वेळी मात्र त्या हातातला रसाचा ग्लास विसरल्या. त्याचा मला अजून गर्व आहे.

छोट्या घरांत मी चांगलाच रुळलो. आटपाडीच्या एका बारशात तर बाळ झोपेतच हसलं. पण मग पाटणहून बोलावणं आलं. कृष्णात नावाचा जवान बावीस वर्षांची नोकरी संपवून घरी आला होता, त्याचा सत्कार. मोठं कार्यालय, सातशे माणसं. असल्या ठिकाणी भाईंना स्वतःचाच सूर ऐकू यायचा नाही, म्हणून तर ते थोरल्याला न्यायचे. या खेपेला त्यांनी मला एसटीत पायाशी घेतलं. खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली होती. मी कमी पडलो तर थोरला परत उचलावा लागणार, आणि त्याच्या मागोमाग ऑपरेशन.

दारातच जवानाचा भाऊ दादासो आडवा आला. "भाई, ह्यो जेवनाचा डबा आनलाय का काय? सातशे मानसं हायती!"

"तुमच्या भित्तीला स्पीकर हायती न्हवं? लोकांस्नी ते ऐकवतील," भाई म्हणाले. "ह्यो माझ्यापुरता हाय."

हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं! कार्यालयाचं आवाजाचं मशीन सांभाळणाऱ्या ऋषिराजनं माझ्या पाठीपासून एक वायर नेऊन मशीनला जोडली. मी भाईंच्या शेजारी खुर्चीवर बसलो. त्यांचा सूर त्यांच्याच कानाशी परत द्यायचा, एवढंच माझं काम. सातशे माणसांचं ओझं भिंतींवर.

पहिला सूर निघाला. मागं पंगतीत वाढणारा माणूस आमटीची बादली धरून तसाच थांबला. कृष्णातनं टोपी काढून डोळे पुसले. दादासो जवळ येऊन म्हणाला, "लय ग्वाड वाजतंय, भाई." हुश्श! मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

दिवस मावळताना घरी पोचलो. भाभी नेहमीसारख्या शेकायची पिशवी गरम पाण्यानं भरून दारात उभ्या. "कंबर कशी हाय?"

भाई चप्पल काढता काढता थांबले. "कंबर व्हय? इसारलोच की गं!"

भाभी हसल्या आणि ते गरम पाणी भांडी घासायला घेऊन गेल्या.

थोरला आता एका गणेश मंडळात सुखात आहे. मी स्वयंपाकघराच्या दाराशी चार्जिंगला असतो. तुम्ही माझ्यासारखा कुणी घ्यायला निघाला असाल, तर एवढं ऐका. मोबाइल खिशातच राहू द्या, आपलं वाद्य सोबत न्या आणि आपलं माणूस जरा लांब उभं करा. माझ्या डोक्यावर, भिंतीतल्या खिळ्याला ती शेकायची पिशवी टांगलेली आहे. रिकामी.