गोदाची पाटी

शिवलीलाने फडकं बादलीत बुडवून पिळलं आणि पुढे केलं. शमिकाने ते घेतलं, पण पाटी लगेच पुसली नाही.

“आमचा पेढा मांजर म्हणून टोटली यूजलेस होता,” ती म्हणाली. “ऑपरेशननंतर दोन महिने माझ्याकडे होता, व्हाइटफील्डला. एक उंदीर पकडला नाही. पण माझ्या प्रत्येक मीटिंगला हजर. मॅनेजर आधी त्याची चौकशी करायचा, मग माझी.”

सगळे हसले. शमिकाने पाटी पुसली आणि त्याच फडक्याने डोळेही पुसले. गालावर खडूचा पांढरा फराटा उमटला.

बंगळूरबाहेर, होसकोटेच्या पुढे, शेतात पत्र्याच्या शेड घालून शिवलीलाने मांजरांसाठी हा आसरा उभा केला होता. भिंतीवर प्रत्येक मांजराच्या नावाची पाटी. मांजर गेलं की पाटी उलटी व्हायची. वर्षातून एका रविवारी त्या मांजराच्या माणसाने यायचं, त्याच्याबद्दल एक खरी गोष्ट सांगायची आणि पाटी पुसायची. मग ते नाव नव्या पिलाला मिळायचं. दीडशे मांजरांना दरवेळी नवी नावं कुठून आणू, असं शिवलीला म्हणायची. यंदा मांजरांत साथ येऊन गेली होती. उलट्या पाट्या चौदा होत्या.

बिंदुमाधव अगदी मागच्या खुर्चीवर बसले होते. बसवनगुडीहून दोन बस आणि एक रिक्षा करून येताना त्यांनी एकच वाक्य मनात घोळवलं होतं : गोदाची पाटी पुसू नका. ते नाव त्यांच्या बायकोने, अनुसूयेने ठेवलं होतं, नाशिकच्या माहेराची आठवण म्हणून. आता अनुसूयाही नव्हती. त्यांच्या खिशात गोदावर लिहिलेलं दीड पान होतं. तीनदा लिहून काढूनही ते एखाद्या अधिकाऱ्याच्या निरोप समारंभातल्या भाषणासारखं वाटत होतं.

“या की अण्णा,” शिवलीलाने हाक मारली. ती मूळची निपाणीकडची. “तुमचीच राहिलीय बघा.”

बिंदुमाधव उठले. पुढे येऊन त्यांनी कागद काढला, चष्मा लावला, पहिली ओळ मनाशी वाचली आणि कागद परत खिशात घातला.

“मला चार माणसांत बोलता येत नाही.”

“कुणाला येतंय? खरं तेवढं सांगा, झालं.”

ते गोदाच्या उलट्या पाटीकडे वळले.

“गोदाला मी इथे चार दिवसांसाठी ठेवलं होतं. बायकोला हॉस्पिटलात नेलं तेव्हा. ती घरी आलीच नाही. मग वाटायला लागलं, गोदाला नेलं तर ती खोल्याखोल्यांतून अनुसूयेला शोधत फिरेल. ते मला बघवलं नसतं. म्हणून दर रविवारी फोन करायचो. पुढच्या आठवड्यात नेतो, म्हणायचो. असे पाच महिने काढले. मग साथ आली.”

घोळवलेलं वाक्य बोलायची हीच वेळ होती. त्यांनी घसा खाकरला.

“माझं पण एक खरं राहिलंय, अण्णा,” शिवलीला मध्येच म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. “मार्चमध्ये एक नवरा-बायको आले होते. गोदाच पाहिजे म्हणून तासभर बसले. मी दिली नाही. म्हटलं, तिचं माणूस येणार आहे. दर रविवारी फोन करतंय.”

“मला सांगितलं नाहीत.”

“कसं सांगू? गोदा बरी आहे म्हटलं की तुमचा आवाज स्वल्प बरा व्हायचा.”

बिंदुमाधवांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. पाय दुखत होते. सकाळपासून दुखत असावेत, लक्ष आत्ता गेलं. मग त्यांनी हात पुढे केला. शिवलीलाला कळायला एक क्षण लागला; मग तिने फडकं दिलं.

त्यांनी पाटी सुलट केली. अक्षर शिवलीलाचं, कानडी वळणाचं, गोलगरगरीत. एकदा पुसून ते गेलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा पुसलं, मग कोपरे पुसले.

कुणीतरी एक राखाडी पिलू आणून त्यांच्या हातात ठेवलं. ते सरळ त्यांच्या सदऱ्यावर चढू लागलं.

“हाक मारा हिला,” शिवलीला म्हणाली. “पहिली हाक तुमची.”

हाक न मारता त्यांनी विचारलं,

“त्या नवरा-बायकोचा नंबर आहे का तुमच्याकडे?”

“असेल की.” मग तिच्या लक्षात आलं. “पण ते हिला घरी नेऊन नाव बदलतील हां. कुकी-बिकी काहीतरी ठेवतील.”

पिलाची नखं सदऱ्यात अडकली होती. बिंदुमाधव ती एकेक करून सोडवत होते. एक सुटेपर्यंत दुसरं अडकत होतं.

“ठेवू देत,” ते म्हणाले. “फोन लावा.”

“आत्ता?”

“आत्ता. मी इथे उभा आहे तोवर.”