विद्युल्लताबाईंच्या वाट्याची भट्टी

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. देवासच्या एका सरकारी पंप कारखान्यात, वितळलेले लोखंड साच्यांत ओततात त्या ओतशाळेच्या छपरावर मला बसवले होते. माझा आवाज माताजींच्या टेकरीवर आपटून परत यायचा. लोक माझ्यावर घड्याळे लावायचे. वसाहतीतल्या बायका म्हणायच्या, "भोंगा झाला, कणीक भिजवा." मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग एका संध्याकाळी माझ्या खालची भट्टी फुटली. ओतकाम करणारे चिंतामणी तिच्यासमोर होते. त्यांना बाहेर आणले ते झाकूनच. ओतशाळेला कुलूप लागले. त्यांच्या पत्नी विद्युल्लताबाई फाटकावर येऊन म्हणाल्या, "मला फक्त ती जागा पाहू द्या."

"बाई, सरकारी आवार आहे. परवानगी नाही," असे उत्तर मिळाले.

त्या दिवसापासून मला माझ्याच आवाजाची भीती वाटू लागली. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की त्या वसाहतीच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या. शेवटचा माणूस बाहेर पडे, फाटक लागे, तरी त्या हलत नसत. आणि माझ्या खाली, बंद ओतशाळेत, कोणीतरी येरझारा घालत असे. आत कोणी नव्हते. पावले मात्र मला ऐकू येत.

वर्षे गेली. हजेरी बोटांच्या ठशांवर होऊ लागली आणि मला बंद केले. माझ्या तोंडात पारव्यांनी घरटे केले. पण संध्याकाळ झाली की विद्युल्लताबाई येतच राहिल्या. अशातच सरकारने कारखान्याचे शेअर लोकांना विकायचे ठरवले. कुंपणाजवळच्या टपरीवर फिटर मयुरेश चहा पिता पिता टपरीवाल्या भाऊला म्हणाला, "भिया, आता सेठ आपणच. शेअर घ्या अन् मालक व्हा."

विद्युल्लताबाईंनी ते ऐकले. त्यांची मुलगी अल्पना धारला शाळेत शिकवते. ती सुटीला आली होती आणि शेजारीच उभी होती.

"अल्पू, मला ते शेअर घेऊन दे."

"आई, तुला कशाला ते? भाव पडला तर?"

"पडू दे. मालकीण झाले तर भट्टीशी जाताना मला कोण अडवेल?"

अल्पनाने आईच्या नावाने अर्ज केला आणि थोडे शेअर लागले.

भागधारकांची पहिली सभा कारखान्याच्याच मैदानात, मांडव घालून झाली. जुनी ओतशाळा पाडून तिथे गोदाम बांधणार, असे अध्यक्षांनी सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा विद्युल्लताबाई उठल्या.

"पाडण्याआधी मला ती जागा पाहायची आहे. माझे यजमान तिथे गेले."

अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "आजी, शेअर घेतल्याने आत फिरण्याचा हक्क मिळत नाही. कायदा तसा नाही."

त्या गोंधळल्या. अल्पनाकडे वळून त्यांनी हळूच विचारले, "म्हणजे मी अजून बाहेरचीच?"

बोलण्यासाठी हातात दिलेला माइक चालूच होता. सगळ्या मांडवाने ते ऐकले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि ते मंचावरून खाली आले. "हक्क नाही," ते म्हणाले, "पण चला, मी नेतो."

कुलूप गंजले होते, ते तोडावे लागले. आत राख तशीच पडली होती. विद्युल्लताबाई भट्टीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, चला आता. पाळी सुटली."

बाहेर पडताना त्या दारात जराशा बाजूला सरकल्या, आधी दुसऱ्याला जाऊ द्यावे तशा. त्यानंतर ती पावले मला कधी ऐकू आली नाहीत. त्याही कुंपणाशी आल्या नाहीत.

आता ओतशाळा नाही. मी भंगाराच्या ढिगात पडलो आहे, धामनोदच्या भंगारवाल्याचा ट्रक यायचा आहे. मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही एखाद्या कारखान्याचा लहानसा भाग विकत घ्याल. भाव पाहाल, नफा पाहाल. तेव्हा एवढे जरूर विचारा की इथे कोण राबले आणि कोण घरी परतले नाही. त्यांची माणसे फाटकावर आली तर त्यांना आत घ्या. त्यासाठी मालक असावे लागत नाही.