विनी ट्रॅस्क पडायची तेव्हा

मी एक जुना, हाताने फिरवायचा चित्रपटाचा कॅमेरा आहे. अंग लाकडाचे, पोटात दातेरी चाके, बाजूला पितळी मूठ. मित्रांनो, ती मूठ एका लयीत फिरली तरच पडद्यावरची माणसे नीट चालतात. माझी मूठ कॅमेरामन ओट्टो फिरवायचा.

लॉस एंजेलिसच्या एका टेकडीखाली आमचा स्टुडिओ होता. विनी ट्रॅस्क तिथे कपडे शिवायची. त्या काळी चित्रपटातली बाई धपकन पडायची असली, की एखादा पुरुषच झगा घालून पडे. एकदा अशा नटाचा पाय मुरगळला. विनी त्याच्या झग्याला टाचण्या लावत होती.

"द्या तो झगा. मी पडते," ती म्हणाली.

"बाई पडली की लोकांना कीव येते, हसू नाही," दिग्दर्शक हार्बिन म्हणाले.

"आधी बघा तरी."

हातातला केक सांभाळत ती शिडीवरून थेट कपड्यांना लावायच्या खळीच्या पिंपात गेली. बाई आत, केक वर, शाबूत. ओट्टोला हसू आवरेना. मुठीची लय चुकली आणि चित्र बिघडले.

"आता हसलास तर तुलाच बुडवीन," खळ निथळत विनी म्हणाली आणि पुन्हा शिडी चढली.

पुढे कितीतरी वर्षे ती माझ्यासमोर पडली. एकदा बरगडी मोडली, तरी दृश्य पुरे करूनच ती खाली बसली. थिएटरांबाहेर चित्रपटापेक्षा तिचे नाव मोठे लिहीत. मग तिने स्वतः एक चित्रपट दिग्दर्शित केला. त्या दिवसांत ती माझ्या शेजारी उभी असे. तेवढे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

बोलपट आले. माझी खडखड आवाजात मिसळू लागली, म्हणून मला गोदामात टाकले. विनीला गर्दीत उभ्या म्हाताऱ्यांची कामे उरली.

एके दुपारी ती गोदामात आली. माझ्यावरची धूळ तिने बाहीने पुसली आणि रखवालदार गसला आपल्या चित्रपटांच्या फिती मागितल्या.

"त्या वितळवल्या, बाई. त्यातून चांदी निघते," गस खाली बघत म्हणाला.

"सगळ्या?"

"सगळ्या."

विनी खोक्यावर बसली.

"चांदीचं काय केलं?"

"काय माहीत. चमचे केले असतील."

"मग मी अजून लोकांच्या तोंडी आहे म्हणायची," ती म्हणाली.

गस हसला आणि लगेच ओशाळला. विनी हसली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या माळ्यावर एखादी जुनी फीत पडली असेल, तर टाकण्याआधी ती उजेडात धरून बघा. तिच्यात कोणीतरी तुम्हाला हसवायला जीव तोडून पडत असेल.