उसने डोळे

मेलेल्या माणसांचे डोळे उघडायचं काम दत्तोजीरावांनी अकरा वर्षं केलं आणि मग एका दिवसात सोडलं. त्यानंतर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, लॉऱ्यांवर नंबर घातले, पण डोळा म्हणून काढला नाही. गणपतीच्या दिवसांत मूर्तिकार बोलवायला यायचे, तेव्हा "हात कापतो" म्हणून त्यांना वाटेला लावायचे. हात काही कापत नव्हता.

म्हणून फोटोवाल्या गुंडेरावांची नात यशस्विनी लष्कर मोहल्ल्यातल्या घरी आली आणि "आजोबा, तुमच्या कामाचं प्रदर्शन मांडलंय मी," म्हणाली, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाला आधी काही उमगलंच नाही.

गुंडेरावांचा फोटो स्टुडिओ मोहल्ल्यातच होता. त्या काळी गरिबाघरी कित्येकांचा जन्मात एकही फोटो निघत नसे. माणूस गेलं की मग घरच्यांना आठवण व्हायची. गुंडेराव कॅमेरा घेऊन जात. मयताला न्हाऊ घालून, चांगलं नेसवून, खुर्चीत उशीला टेकवून बसवत आणि फोटो काढत. डोळे अर्थातच मिटलेले. फोटोतल्या त्या मिटल्या पापण्यांवर खारीच्या केसांच्या ब्रशाने उघडे डोळे रंगवायचे, ते काम दत्तोजीरावांचं. फोटो भिंतीवर लागला की पाहुणे म्हणत, किती जिवंत आलाय!

शनिवारी सकाळी दत्तोजीराव शहराच्या टोकाला, बोगादीला गेले. एक दुमजली घर आतून पांढरंफेक रंगवून तिथे गॅलरी केली होती. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. भिंतीवर सहा जोड्या होत्या, पुरुषभर उंचीच्या. डावीकडे निगेटिव्हवरून काढलेला, मिटल्या डोळ्यांचा फोटो. उजवीकडे त्याच माणसाचा, उघड्या डोळ्यांचा.

"डावीकडे ओरिजिनल, उजवीकडे तुमची कला," यशस्विनी म्हणाली. "लोक बघून गार पडणार, आजोबा!"

"लोक कशाला, मीच पडलोय."

ती खुर्ची देऊन समोर लॅपटॉप घेऊन बसली. फोटोंखाली लावायच्या पाट्या तिला लिहायच्या होत्या. "हे डोळे आणायचात कुठून? मनाने काढायचात?"

"मनाने काढले तर बाहुलीचे होतात, पोरी. मयताच्या रक्ताचं माणूस समोर बसवायचं. लेक, भाऊ, बहीण, जे असेल ते. त्याचे बघून काढायचे. आमचे वस्ताद फत्तेसिंगराव बजावायचे, परक्याचे डोळे देऊ नका. मेलेलं माणूस ते डोळे मागायला येतं."

"अय्यो! हे मी लिहिणार." तिने भराभर टाइप केलं. प्रत्येक जोडीखाली लावायचं ठरवलं, 'हे डोळे मयताच्या रक्ताच्या नात्याचे आहेत.'

दत्तोजीराव एकेक जोडी बघत पुढे निघाले. पाचव्यापाशी पाय थांबले.

जरीकाठाच्या लुगड्यातली तरुण बाई होती. तोंड ढिलं पडलेलं, गाल बसलेले, आणि त्या चेहऱ्यात दोन डोळे हसत होते. डाव्या पापणीची कड उजवीपेक्षा जराशी खाली. एवढे मोठे झालेले ते डोळे चव्वेचाळीस वर्षांनी त्यांच्याकडे बघत होते. ते गोदावरीचे होते.

बाई वरुणा गावाकडची, ईश्वरी नावाची. वीस दिवसांचं मूल ठेवून तापाने गेली. फोटो काढून झाला आणि नातलग गावाकडे निघून गेले. मागे राहिला नवरा, तो रक्ताचा नव्हे, आणि बाळ डोळे उघडेना. दहाव्याला फोटो हवा होता. दत्तोजीराव फोटो घेऊन घरी आले. गोदावरी तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हणाले, जरा वर बघ.

"बघा बघा," ती हसायला लागली. "लग्न झाल्यापासून एवढं टक लावून कधी बघितलं नव्हतं! कुणाचा हो फोटो?"

"गिऱ्हाइकाचा," ते म्हणाले. एवढंच.

चौदा महिन्यांत गोदावरी गेली. तिलाही तापच. गुंडेराव कॅमेरा घेऊन दारात आले, तर दत्तोजीरावांनी त्यांना आत येऊ दिलं नाही. आपल्या बायकोचे डोळे आता कुणाचे बघून काढायचे? लेकाला समोर बसवता आलं असतं, पण तिचे स्वतःचे डोळे तर परक्या बाईला देऊन बसलो होतो. मुलगा मालोजी तेव्हा चार वर्षांचा. त्याला आईचा चेहरा आठवत नाही आणि घरात तिचा एकही फोटो नाही. फोटोवाल्याच्या घरात बाईचा फोटो नाही, म्हणून गल्ली हसली. मालोजीने मोठेपणी एकदा विचारलं होतं, आई कशी दिसायची? दत्तोजीराव म्हणाले होते, चारचौघींसारखी.

"हा कुणी नेला नाही वाटतं?" त्यांनी यशस्विनीला विचारलं.

"नाही ना. पाकिटावर लिहिलंय, दहाव्याला कुणी आलंच नाही. पाकिटातच राहिला. का हो?"

"प्रदर्शन झालं की हा मला देशील?"

"देईन की. पण पेपरात नावासकट छापून आलाय तो. वरुणाहून एकांचा फोन होता, माझी आई आहे म्हणाले. ते उद्या येतायत. त्यांनी मागितला तर त्यांचा हक्क, नाही का?"

दत्तोजीराव हो म्हणाले. खरं न सांगताच ते बसकडे निघाले. बसमध्ये बसले तरी पाठीवर कुणाची तरी नजर होती. लष्कर मोहल्ल्यात उतरेपर्यंत त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर कॉलेजच्या मुली मोबाइलमध्ये मान घालून बसल्या होत्या.

रविवारी गॅलरी भरली होती. पाचव्या जोडीसमोर चाळिशी ओलांडलेला, सरळ भांग पाडलेला एक माणूस उभा होता. तो विजयेंद्र, शाळामास्तर. पेपरातला बोटभर फोटो सोडला तर त्याने आईला आजवर बघितलं नव्हतं. डावीकडच्या फोटोकडे त्याने पाठ केली होती आणि उजवीकडचा पुन्हा पुन्हा बघत होता. मग खालची पाटी वाचली आणि त्याचा चेहरा उतरला.

यशस्विनी दत्तोजीरावांना पुढे घेऊन आली. "सर, डोळे काढले ते हेच."

"तुम्ही काढलेत?" विजयेंद्रने हात जोडले, पण आवाज कोरडा होता. "मग सांगा. समोर कोण बसलं होतं?"

"फार वर्षं झाली, मास्तर."

"रक्ताचं माणूस, असं लिहिलंय. माझ्या आईला एकच बहीण. आई गेल्यावर माझ्या वडिलांनी तिच्याशीच लग्न केलं. तिनेच मला वाढवलं, अजून आहे घरी." त्याने फोटोकडे बोट केलं. "हे डोळे हसतायत. आई गेली त्या दिवशी माझी मावशी हसत होती?"

यशस्विनी पाटीकडे बघायला लागली.

"आयुष्यभर लोकांनी मला सांगितलं," विजयेंद्र म्हणाला, "की तिला तुझ्या बापाचं घर हवंच होतं. मी एकाचंही ऐकलं नाही. आज घरी जाऊन तिला काय विचारू?"

दत्तोजीराव फोटोजवळ गेले. गप्प राहिलं तर गोदावरीचं नाव कुणाला कळणार नव्हतं. पण तिच्या हसण्याचा डाग एका म्हातारीला लागणार होता.

"काही विचारू नका. ती बसली नव्हती. तुमच्यातलं कुणीच नव्हतं." ते म्हणाले, "ते डोळे माझ्या बायकोचे. गोदावरीचे. तिला माहीतसुद्धा नव्हतं कुणासाठी ते. मी टक लावून बघतो म्हणून माझ्यावर हसत होती."

"परक्या बाईचे?"

"परक्या बाईचे. चूक झाली. तिला त्याचं फळ भोगावं लागलं, असं मी आजवर मानत आलोय. यशस्विनी, ती पाटी काढ. खोटी आहे."

विजयेंद्र रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तो रागावलाही असेल, पण आधी त्याने मोठा श्वास सोडला, जड ओझं उतरवल्यासारखा. मग पहिल्यांदाच डावीकडे वळला. मिटल्या डोळ्यांच्या आईपुढे तो बराच वेळ उभा राहिला. हळूच स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवलं.

"भुवया माझ्याच," तो म्हणाला. "मॅडम, मला हा द्या. हसणारा नको."

यशस्विनीने पाटी काढली आणि आतून जुनं पाकीट आणलं. त्यातला डोळे रंगवलेला मूळ फोटो, पोस्टकार्डाएवढा, पाकिटासकट दत्तोजीरावांच्या हातात ठेवला. विजयेंद्रने होकाराची मान हलवली. एवढंच त्यांच्यात झालं.

घरी पोहोचले तेव्हा मालोजी दारात मोटारसायकलची साखळी साफ करत बसला होता. सत्तेचाळीस वर्षांचा, केस पांढरे व्हायला लागलेला.

"काय अप्पा, मोठे कलाकार झालात! हार घातला की नाही?"

"हात पूस. इकडे ये."

त्यांनी फोटो ओट्यावर ठेवला. पाकिटाचे दोन तुकडे फाडले. एक ईश्वरीच्या कपाळावर ठेवला, दुसरा नाकापासून खाली. मधे बोटभर फट राहिली.

"ही तुझी आई," ते म्हणाले. "एवढीच आहे."

मालोजी पुढे आला. वाकला. गुडघ्यांवर बसला. बापाने सगळं सांगितलं तसं त्याने ऐकलं, पण मान वर केली नाही. मग बसल्या जागेवरून जरा डावीकडे सरकला, पुन्हा उजवीकडे.

"अप्पा."

"काय?"

"माझ्याकडे बघत नाही ती." त्याने वर पाहिलं. "तुम्ही उभे आहात ना, तिकडे बघतेय."

दत्तोजीराव एक पाऊल बाजूला झाले. मग आणखी एक.