साडेसात आणि नऊ

विद्याधर प्रधानांची हयात पालिकेच्या पाणी खात्यात मीटर तपासण्यात गेली होती. कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यामुळे मुलुंडच्या डॉक्टर इरावती काणेकरांनी बायोप्सी सुचवली, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

प्रोस्टेट ग्रंथीतल्या कॅन्सरची शंका दाखवणारा त्यांच्या रक्तातला पीएसए साडेसात आला होता; तो साधारण चारच्या आत हवा. पण शेजारच्या धम्मपालचा तर नऊ! आणि त्याला याच डॉक्टरांनी 'सहा महिन्यांनी या' म्हणून घरी पाठवलं होतं.

"बघ नीला, माझा मेडिक्लेम आहे, त्याचा नाही. म्हणून सुई मला," ते बायकोला म्हणाले.

"मग दुसरीकडे तपासा ना."

घाटकोपरला जाऊन त्यांनी डॉक्टरांचं नाव न सांगता रक्त दिलं, सोनोग्राफी केली. पीएसए सात पूर्णांक चार, प्रोस्टेट अठ्ठावीस ग्रॅम. लॅबवालेही सामील असतील, असं म्हणत त्यांनी तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर आपटला.

डॉक्टर चिडल्या नाहीत. "दुसऱ्या रुग्णाबद्दल मी बोलणार नाही. तुम्हीच मित्राला विचारा, त्यांची प्रोस्टेट केवढी आहे."

विद्याधरांनी तिथूनच फोन लावला.

"धम्मा, तुझी प्रोस्टेट केवढी रे?"

"सकाळी सकाळी काय विचारतोस यार! पंचाण्णव ग्रॅम. का?"

डॉक्टर म्हणाल्या, "मोठी ग्रंथी जास्त पीएसए सोडतेच. तुमची एवढीशी ग्रंथी साडेसात कुठून आणते, ही माझी शंका. शिवाय रक्तात मोकळा फिरणारा पीएसए तुमचा फारच कमी आहे, आणि तो कमी असला की कॅन्सरची शंका वाढते. हा अंदाज झाला. खात्री बायोप्सीच करेल."

मोठ्या इमारतीचं रीडिंग बैठ्या घराला आलं, की विद्याधर स्वतःच गळती शोधायला जमीन खोदायला लावत. त्यांनी बायोप्सीच्या संमतीपत्रावर सही केली.

कॅन्सर निघाला, पण ग्रंथीच्या बाहेर पडलेला नव्हता. नीला रडली. विद्याधर रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत राहिले, कुठे नाव तरी चुकलंय का बघत. नाव त्यांचंच होतं. पुढच्याच महिन्यात ऑपरेशन करून ग्रंथी काढली.

तीन महिन्यांनी पीएसए जवळजवळ शून्यावर आला.

"आता तरी विश्वास बसला?" नीलाने विचारलं.

"डॉक्टरांवर बसला," ते म्हणाले. "पण एवढं आत चालू होतं आणि शरीरानं साधं दुखणंसुद्धा कळवलं नाही गं मला."